बारदान वजा जाता उरलेला प्रकाश

या सदरातून आपण एरवी ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र, जामीनकी अशा विषयांची चर्चा करीत असतो. मात्र अनेक वाचक पत्रातून किंवा समारंभात भेटल्यावर आवर्जून विचारतात, ‘साहेब, निवृत्तीनंतर तुमचा स्वतःचा वेळ कसा जातो?’ आजवर या प्रश्नाला मी हसून बगल देत आलो. या महिन्यात त्याचे खरे उत्तर देण्याचे ठरविले आहे. विषय थोडा आकाशातला आहे. पण हिशेब सुटणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देतो.

गेली काही वर्षे मी अमावास्येच्या आगेमागे पुण्याहून बार्शी तालुक्यातील आमच्या गावी जातो आणि घरामागील अंगणात दुर्बीण लावून दूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेतो. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच अब्जावधी ताऱ्यांचे स्वतंत्र समूह. माझी दुर्बीण सहा इंची आरशाची आहे. तिला जुना कॅमेरा जोडलेला असतो आणि खाली तारे जातील तशी दुर्बीण हळूहळू फिरविणारा मोटारीचा माउंट असतो. आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकते. त्याच गतीने दुर्बीण सरकली नाही तर प्रत्येक ताऱ्याची रेघ उमटते. त्यासाठी माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने अचूक रोखावा लागतो. बार्शीचा अक्षांश सुमारे १८ अंश आहे, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. हे जुळवण्यात माझा पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात चूक राहिली तर पुढची सारी रात्र वाया जाते.

माझी आवडती दीर्घिका म्हणजे एम १०१. सप्तर्षींच्या शेपटातील वसिष्ठ आणि मरीची या दोन ताऱ्यांशी त्रिकोण करणाऱ्या जागी ती आहे. पियरे मेशँ या फ्रेंच निरीक्षकाला ती १७८१ साली प्रथम दिसली. छायाचित्रात तिचे वळणदार बाहू लहान मुलांच्या भिरभिऱ्यासारखे दिसतात आणि इंग्रजीत तिचे नावही त्याच अर्थाचे आहे. तिचे अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे. आकाशात तिचा विस्तार जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा आहे. तरीही ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. याचे कारण सराफकट्ट्यावरील वाचकांना चटकन उमजेल. एक तोळा सोन्याची वेढणी बोटात ठसठशीत दिसते. त्याच तोळ्याचा वर्ख करून अंगणभर पसरला, तर सोने तेवढेच राहते, पण फुंकर मारताच उडून जाईल इतके विरळ होते. एम १०१ चा प्रकाश असाच पसरलेला वर्ख आहे.

हा वर्ख गोळा कसा करायचा? आपला डोळा क्षणाचा प्रकाश क्षणात खर्च करतो, शिल्लक ठेवीत नाही. कॅमेऱ्याचा संवेदक मात्र आलेला प्रत्येक प्रकाशकण खात्यावर जमा करीत राहतो. मी दोन-दोन मिनिटांची साठ छायाचित्रे घेतो, म्हणजे एकूण दोन तास. त्यांतले एकेक चित्र उघडून पाहिले तर निराशाच होते: करडी पार्श्वभूमी, काही तारे आणि मध्ये संशय यावा इतपत धूसर डाग. संगणकावर साठही चित्रे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली, की त्या डागातून बाहू उलगडू लागतात.

येथे एक नियम आहे आणि बँकेत उमेदवारी केलेल्या माणसाला तो सुरुवातीला जाचतो. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित येतात. एखाद्या जागी १०० कण अपेक्षित असतील तर १० एक कमी-जास्त होतातच, म्हणजे दहा टक्के अनिश्चितता. १० हजार कण जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे केवळ एक टक्का. जमा शंभरपट वाढली तेव्हा स्वच्छता दहापट वाढली. थोडक्यात, चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. येथे चक्रवाढ व्याज नाही, वर्गमूळ आहे. पहिली साठ चित्रे बरेच काही देऊन जातात. त्यानंतरची प्रत्येक सुधारणा अधिकाधिक रात्री मागते.

दुसरी गोष्ट बारदानाची. भरलेले पोते काट्यावर चढविले की आपण बारदान वजा करतो, तेव्हाच मालाचे खरे वजन कळते. कॅमेऱ्यालाही बारदान असते. संवेदक तापला की प्रकाश नसतानाही काही आकडे आपोआप नोंदवितो. म्हणून दुर्बिणीचे झाकण लावून, तेवढ्याच वेळेची आणि तेवढ्याच तापमानाला काही काळी चित्रे घ्यायची आणि मूळ चित्रातून ती वजा करायची. शिवाय काचेवरील धुळीचे ठिपके आणि कडांकडील अंधारी यांचाही हिशेब लागतो. त्यासाठी संध्याकाळच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून चित्रे घ्यायची, म्हणजे काटाच कोठे उणे दाखवितो ते समजते.

हे सारे वजा करता येते. वजा न होणारी वस्तू एकच, आकाशात पसरलेला गावाचा उजेड. त्याची सरासरी वजा होते, पण त्या उजेडाच्या कणांचा स्वतःचा चढउतार चित्रात राहतोच आणि दीर्घिकेचे विरळ बाहू त्यात बुडतात. आकाश दहापट उजळ असेल तर तेवढ्याच स्वच्छ चित्रासाठी साधारण दहापट वेळ लागतो. गावातील दोन तासांचे काम शहरात वीस तासांचे होते. काही तेजोमेघ ठरावीक रंगांतच प्रकाशतात, त्यांच्यासाठी गाळण्या मिळतात. दीर्घिका ताऱ्यांची बनलेली असल्याने सर्व रंगांत प्रकाशते. तेथे गाळणीचा फारसा उपाय चालत नाही. म्हणून तर मी साहित्याच्या पेट्या घेऊन गावी जातो.

या छंदात व्यापारी मंडळी पहिल्यापासून पुढे आहेत, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे आयझॅक रॉबर्ट्स नावाचे बांधकाम व्यावसायिक होते. धंद्यात मिळविलेल्या पैशातून त्यांनी घरी वीस इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि २९ डिसेंबर १८८८ रोजी देवयानीतील प्रसिद्ध ‘तेजोमेघा’ला चार तासांचे एक्सपोजर दिले. त्यात वळणदार रचना प्रथमच स्पष्ट उमटली. रॉबर्ट्स यांना वाटले, ही जन्माला येणारी सूर्यमाला असावी. तो अर्थ चुकला. १९२३ साली एडविन हबल यांना तेथे एक चलतारा सापडला आणि तो तेजोमेघ म्हणजे आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. रॉबर्ट्स यांचा शेरा खोडला गेला, त्यांची नोंद मात्र आजही उभी आहे. नोंद प्रामाणिक असली की शेऱ्यातील चूक पुढचा माणूस दुरुस्त करू शकतो.

अलीकडचे उदाहरण अर्जेंटिनातील रोसारिओ शहराचे. व्हिक्टर बुसो हे कुलुपे-किल्ल्या करणारे कारागीर. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या गच्चीवरील दुर्बिणीतून ते नवा कॅमेरा पारखत होते. शहरी उजेडामुळे लांब एक्सपोजर देता येत नव्हते, म्हणून एनजीसी ६१३ या दीर्घिकेची लहान लहान चित्रे ते एकामागून एक घेत गेले. त्या मालिकेत एका ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला उजेड सापडला, जो टिपण्यासाठी मोठमोठ्या वेधशाळा वर्षानुवर्षे टपून असतात. पुढे २०१८ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत त्यावर निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लेखकांत बुसो यांचेही नाव आहे.

तिसरे गृहस्थ जपानमधील यामागाताचे कोइची इतागाकी. शेंगदाणे आणि कडधान्यांच्या खाद्यपदार्थांचा त्यांचा व्यवसाय. आमच्या अडत बाजारातील मंडळींना ते अगदी घरचेच वाटतील. त्यांनी आजवर दीडशेहून अधिक अतिनवतारे, म्हणजे स्फोट पावणारे तारे, शोधले आहेत. त्यांतला एक माझ्या आयुष्यात आला, तो असा.

२०२३ च्या मे महिन्यात वैशाख अमावास्येसाठी मी गावी गेलो. १८ तारखेच्या रात्री सगळ्या गावाची वीज गेली होती. माझी दुर्बीण बॅटरीवर चालते. इतके काळे आकाश मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. एम १०१ ची साठ चित्रे घेतली आणि समाधानाने झोपलो. १९ ला, प्रत्यक्ष अमावास्येला, आणखी दोन तास जमा करण्याचा बेत होता. त्या रात्री वीज होती. साडेनऊच्या सुमारास अंगणाला लागून असलेल्या गोदामावर प्रचंड झोताचा दिवा लागला आणि माझ्या दुर्बिणीची सावली भिंतीवर पडली.

गोदाम धाकट्या भावाचे, आमच्या वडिलोपार्जित अडतीचे. मी त्याला हाक मारून दिवा बंद करायला सांगितले. तो म्हणाला, ‘दादा, आज नाही जमणार.’ माझा तोल सुटला. ‘तुला आकाशाची किंमत नाही,’ असे मी बोलून गेलो. त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘आणि तुम्हाला तुरीची.’ आम्ही दोघेही साठी ओलांडलेले; अंगणात उभे राहून लहान मुलांसारखे भांडलो. आई ओसरीवरून ऐकत होती, ती काही बोलली नाही. मी दुर्बीण आवरली आणि सकाळच्या एसटीने पुण्याला परतलो.

दोन दिवसांनी बातमी कळली. १९ मे रोजी, आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे ज्या वेळी मी रागारागाने दुर्बिणीचे पेच सैल करीत होतो त्याच सुमारास, इतागाकी यांनी एम १०१ मध्ये एक नवा अतिनवतारा टिपला होता. कित्येक वर्षांतला आपल्याला सर्वांत जवळचा असा तो स्फोट. माझ्या दुर्बिणीलाही त्या रात्री तो सहज सापडला असता. शोधाचा मान मला मिळाला असता असे मी म्हणत नाही, तशी माझी तयारीही नव्हती. पण त्या रात्रीचे पान माझ्या वहीत कोरे राहिले आणि त्याचा दोष मी भावाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो.

खरा हिशेब पुतण्याच्या फोनने कळला. महिन्याभरापूर्वी गोदामातून तुरीची पोती चोरीला गेली होती. काही माल शेतकऱ्यांचा होता, विश्वासाने ठेवलेला. भावाने त्यांची भरपाई पदरची करून दिली आणि आईला व मला काळजी नको म्हणून चकार शब्द काढला नाही. दिवा त्यानंतर बसविलेला. हे ऐकताना मला माझीच नोकरी आठवली. तारण मालाच्या तपासणीला गेलो, की ‘गोदामाबाहेर पुरेसा उजेड नाही’ हा शेरा मी स्वतःच्या हाताने किती अहवालांत मारला असेल! तो शेरा भावाने पाळला, तर मला राग आला होता. भांडणापूर्वी ‘दिवा का लावलास?’ एवढे तीन शब्द मी विचारले नव्हते.

फोन करावा म्हणून मी हात पुढे केला, तोच त्याचा आला. ‘दादा, पोराने तुमच्या ताऱ्याचे सांगितले. तो अजून दिसतो म्हणे. या तुम्ही. दिवा बंद ठेवतो. मी गोदामाच्या दारात बाज टाकून झोपतो.’

२४ मे रोजी चंद्रकोर मावळल्यावर आम्ही दुर्बीण लावली. भाऊ खरोखरच बाज टाकून बसला होता, झोपला मात्र नाही. दोन तासांची चित्रे जमली. पहाटे संगणकावर १८ तारखेचे आणि २४ तारखेचे चित्र मी शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीत तेच बाहू आणि तेच तारे होते. फक्त नव्या चित्रात बाहेरच्या एका बाहूवर एक ठळक ठिपका होता, जुन्यात तेथे काहीच नव्हते. भावाने दोन्हींकडे बराच वेळ पाहिले. हा उजेड किती जुना, असे विचारले. मी म्हणालो, ‘२ कोटी १० लाख वर्षांपूर्वी निघालेला.’ तो थोडा विचार करून म्हणाला, ‘म्हणजे माल रवाना झाला तेव्हा घेणारा जन्मलाच नव्हता.’ इतक्या वर्षांच्या वाचनात मला हे इतक्या नेमक्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

पुतण्याने मोबाइलवर एक सोय दाखविली. तिच्यात चित्र टाकले की बाहू आपोआप रेखीव होतात, न दिसणारे तपशील भरले जातात. चित्र खरोखर देखणे झाले. मी त्याला म्हटले, ‘बारदान वजा करणे वेगळे आणि पोत्यात खडे भरणे वेगळे.’ चित्र उजळविणे, पार्श्वभूमी वजा करणे, रंगांचा तोल साधणे हे सारे योग्यच, कारण त्यात आलेल्या प्रकाशाचीच मांडणी असते. न आलेला प्रकाश जमेला धरणे म्हणजे मार्चअखेरीस ताळेबंद सजविण्यासारखे आहे. त्यात एखादा खोटा ठिपका उमटला, तर तो अतिनवतारा की यंत्राची कल्पना, हे कोणी सांगायचे?

कायमचा तोडगा जूनमध्ये निघाला आणि तो आईने काढला. पहिला पाऊस झाला आणि त्या झोताभोवती पाखरांचे थवे जमू लागले. एका सकाळी आई आम्हा दोघांना म्हणाली, ‘दिव्याखाली रोज मेलेल्या किड्यांचा थर असतो. तो गोळा करताना माझा हात थरथरतो. दिवा ठेवायचा की नाही ते तुम्ही दोघे ठरवा. पण हिशेबात हेही धरा.’ आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही.

गावातील पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून आम्ही दिव्याला खोल टोपण करून घेतले आणि दिवा पूर्ण खाली वळविला. पांढऱ्या झोताऐवजी कमी वॅटचा पिवळसर दिवा बसविला. त्याकडे पाखरेही कमी येतात. माणसाची चाहूल लागली तरच पूर्ण उजळणारा सेन्सर जोडला. भावाला प्रारंभी शंका होती. पण डोळ्यांवर येणारा झोत गेल्यामुळे राखणदाराला कोपऱ्यातील सावलीतही दिसू लागले, कॅमेऱ्यातील चित्र स्पष्ट झाले आणि विजेचे बिल उतरले. त्यालाही पटले, की आकाशाकडे गेलेला उजेड एकही पोते राखत नाही. त्याचे पैसे मात्र आपणच भरतो. ज्यांची दुकाने, गोदामे, कारखाने आहेत अशा वाचकांनी आपापल्या दिव्याखाली एकदा उभे राहून पाहावे, की तो जमिनीवर किती पडतो आणि डोळ्यांत व वर किती जातो.

ज्यांना या छंदाची गोडी लागेल त्यांनी आरंभीच मोठी खरेदी करू नये. साधी द्विनेत्री घ्यावी आणि आधी आकाश ओळखावे. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था यांसारख्या संस्थांतील जाणकारांशी बोलावे. नंतर दुर्बिणीचा विचार करताना आरशाच्या आकारापेक्षा माउंटच्या स्थिरतेवर अधिक खर्च करावा. पावसाळ्याचे चार महिने सारे साहित्य कोरड्या पेटीत बंद ठेवावे, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते.

आणि काहीच खरेदी करावयाचे नसेल तरीही एक करता येईल. दिवाळीनंतर गावाकडे राहणे झालेच, तर कार्तिक अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊच्या सुमारास अंगणातील दिवे मालवून दहा मिनिटे अंधारात बसावे. डोळे सरावले की उत्तरेकडे झुकलेल्या डोक्यावरच्या आकाशात देवयानीतील एक पुसट, लांबट डाग दिसतो. तीच रॉबर्ट्स यांची दीर्घिका. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असून नुसत्या डोळ्यांना दिसते. घरातील मुलांनाही सोबत बसवावे.

आमच्या दुकानात गादीमागच्या भिंतीवर आता १८ मे आणि २४ मे अशी दोन चित्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत. नवा ग्राहक आला की भाऊ त्याला ‘यांत फरक शोधा’ म्हणतो आणि ठिपका सापडेपर्यंत चहा सांगतो. १९ तारखेच्या रात्रीविषयी मात्र तो कोणालाही काही सांगत नाही. ती नोंद मीच आज येथे केली आहे.

पुढील महिन्यात आपण नेहमीच्या विषयाकडे वळू. लॉकरच्या नामनिर्देशनाविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची आहेत.